टिप्याचं बस्कर

आत्या दारात चपला काढत होती. एका हातात डब्यांची पिशवी, दुसरा हात भिंतीला टेकलेला, म्हणजे पूर्ण भार एकाच पायावर. नेमक्या त्या क्षणी टिप्या माझ्या पायांमधून निसटला. चोवीस किलोंचं, दीड वर्षाचं, लॅब्रेडॉर आणि गावठी यांच्या संकरातून आलेलं आमचं कुत्रं दोन पायांवर उभं राहिलं आणि पुढचे दोन्ही पंजे त्याने तिच्या छातीवर टेकवले. ती जिन्याच्या कठड्यावर आदळून खाली बसली. ती पडल्यावर टिप्या तिचा चेहरा चाटत होता, शेपटीने अख्खं अंग हलत होतं. मनगटाला चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर.

आत्याने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. प्लास्टर घातल्यावर रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, “अगं, तो आनंदानेच आला गं. पण यापुढे मी येताना भिऊन येणार.”

हे घर तिचं माहेर आहे. बहात्तर वर्षांच्या बाईने माहेरी येताना भ्यावं, हे माझ्या मनाला फार लागलं. त्या रात्रीपासून मी या विषयावर वाचायला लागले, माणसांना विचारायला लागले, आणि पुढचे सात महिने टिप्याबरोबर रोज थोडं थोडं काम केलं. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे, कारण पाहुण्यांच्या अंगावर झेपावणारं कुत्रं आज कितीतरी घरांत आहे आणि त्यापायी त्या घरांत येणं-जाणं तुटत चाललंय.

आमच्या गावच्या घरीही कुत्री असायची. पाहुणा फाटकाशीच थांबून हाक द्यायचा, “कुत्रं आवरा हो!” कुत्रं कुंपणाच्या आतून भुंकायचं. कोणीतरी ओट्यावर येऊन “या, या” म्हणायचं. पाहुणा अंगण ओलांडायचा, पायरीशी पाय धुवायचा, ओट्यावर टेकायचा, गूळ-पाणी घ्यायचा. तोवर कुत्र्याने त्याला लांबून पाहिलेलं असायचं, वाऱ्यावर आलेला त्याचा वास घेतलेला असायचा, चपलांना नाक लावून झालेलं असायचं. पाहुणा माजघरात शिरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेलेली असत आणि कुत्रं पुन्हा सावलीत जाऊन पडलेलं असे. त्याला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. अंगणच त्याला शिकवत होतं.

फ्लॅटमध्ये काय होतं? लिफ्टचं दार वाजतं, पावलं येतात, बेल वाजते, दार उघडतं, आणि चार फुटांवर अनोळखी माणूस उभा. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. कुत्र्याचा स्वभाव तोच राहिला, मधलं अंतर आणि मधला वेळ मात्र गेला. सात महिन्यांनंतर मला या सगळ्या शिकवण्याचा अर्थ असा लागतो, की फ्लॅटने काढून घेतलेलं अंगण त्याला घरातल्या घरात परत करायचं. पुढे जे लिहिते ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी उडीबद्दल. कुत्रा उडी का मारतो? लांडग्यांची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्या जनावरांच्या तोंडाचे कोपरे चाटतात. त्या चाटण्याने मोठी जनावरं पोटातलं अन्न ओकून पिल्लांना भरवतात. पाळीव कुत्र्यात भरवण्याचं कारण बरंचसं मागे पडलं, पण तोंडाशी तोंड नेऊन स्वागत करण्याची ती रीत उरली. आपलं तोंड जमिनीपासून पाच फुटांवर असतं. तिथवर पोचायचं तर त्याला दोन पायांवर उभं राहावंच लागतं. त्याच्या हिशेबाने ती उडी म्हणजे नमस्कार आहे.

दुसरं कारण आपण घातलेल्या सवयीचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना लाकडी खोक्यांत ठेवून पाहिलं. कडी उघडली की बाहेर येता येई आणि खायला मिळे. ज्या हालचालीमुळे दार उघडे ती हालचाल मांजर हळूहळू लवकर करू लागे, बाकीच्या गळून पडत. ज्या वागण्याचं फळ गोड ते वागणं पुन्हा होतं, एवढा साधा तो नियम. टिप्या तीन महिन्यांचा असताना उडी मारायचा तेव्हा आम्ही त्याला उचलून घ्यायचो. चोवीस किलोंचा झाल्यावर त्याच उडीला आम्ही ओरडायला लागलो. पण ओरडताना आम्ही त्याच्याकडे बघत होतो, त्याच्याशी बोलत होतो, दोन्ही हातांनी त्याला ढकलत होतो. त्याला हे तिन्ही हवंच होतं. बी. एफ. स्किनर यांनी पुढे दाखवलं की फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळालं, तर सवय जास्त चिवट होते. दहा पाहुण्यांतल्या नऊ जणांनी पाठ फिरवली आणि दहाव्याने “अले माझा लाजा” म्हणत त्याचे पंजे हातात घेतले, तर कुत्रा त्या दहाव्यासाठी पुढच्या शंभर जणांवर उडी मारतो.

भुंकण्याचंही असंच. कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. आपल्याला ठाऊक असतं की तो जाणारच होता. कुत्र्याला वाटतं, मी भुंकलो म्हणून गेला. रोज दोन-तीनदा त्याचा हा समज पक्का होत राहतो.

आत्या पडल्यानंतर मला पहिला सल्ला मिळाला तो गुडघ्याचा. उडी मारली की छातीत गुडघा हाणा, मानगूट धरून उताणा पाडा, घरात म्होरक्या कोण ते त्याला कळू द्या. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, म्हणून तो आला कुठून ते सांगायला हवं. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले ते लांडगे वर्चस्वासाठी सतत भांडत होते. डेव्हिड मेक यांनी १९७० साली आपल्या पुस्तकात ही कल्पना उचलली आणि ती जगभर गेली. नंतर याच मेक यांनी उत्तरेकडच्या एल्समीअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कळप अनेक उन्हाळे जवळून पाहिला. तिथे कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब होतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपण मारामारी करून मिळवलेलं नव्हतं, ते आईबापांचं होतं. १९९९ साली त्यांनी तसा शोधनिबंध लिहिला आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून स्वतःच प्रकाशकाच्या मागे लागले. आपलंच गाजलेलं म्हणणं खोडून काढणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. अमेरिकेतल्या पशुवर्तन जाणणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ साली जाहीर भूमिका घेतली, की कुत्र्याला शिकवायचं ते बक्षिसाच्या वाटेने, मारून किंवा धाक दाखवून नाही.

गुडघा हाणण्यातला धोका साधा आहे. पाहुणा आला की छातीत दुखतं, एवढंच कुत्र्याच्या डोक्यात बसतं. आनंदाने धावणारं कुत्रं मग पाहुण्याला भिऊ लागतं, आणि भ्यालेलं कुत्रं चावू शकतं.

म्हणूनच सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नीट पाहायची. आपलं कुत्रं आनंदाने उसळतंय की भीतीने? आनंदी कुत्र्याचं अंग सैल असतं, कंबरेतून वळतं, तोंड उघडं, कान ढिले. भ्यालेल्याचं अंग ताठ, तोंड मिटलेलं, मानेवरचे केस उभे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, ओठांवरून जीभ पुन्हा पुन्हा फिरते. शेपटीवर एकटीवर विसंबू नये. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी उजव्या बाजूला जास्त झुकून हलते आणि समोर दांडगा अनोळखी कुत्रा आला तर डाव्या बाजूला. म्हणजे हलणारी शेपटीसुद्धा दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकते. कुत्रं गुरगुरत असेल, दात दाखवत असेल, कुणाला चावलेलं असेल, तर घरगुती प्रयोग करत बसू नये. आधी पशुवैद्याला दाखवावं. कान ठणकत असला किंवा कंबर दुखत असली तरी कुत्रं माणूस जवळ येऊ देत नाही.

टिप्या आनंदी गटातला. त्याच्यासाठी मी आजीच्या काळातलं एक जुनं बस्कर काढलं. सुती, जाडसर, घडी घालून कुठेही नेता येईल असं. दारापासून लांब, पण दार दिसेल अशा कोपऱ्यात ते अंथरलं. हे त्याचं अंगण होणार होतं, निदान त्यातला ओटा तरी.

पहिल्या दिवशी घरात कोणी आलेलं नव्हतं, बेल नव्हती, काहीच नव्हतं. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे डब्यात घेऊन मी बस्कराजवळ बसले. (आमच्या शेजारच्या घरी पनीर आणि गाजर वापरतात, तेही छान चालतं. तेवढा खाऊ रोजच्या जेवणातून कमी करायचा.) टिप्याने बस्कर हुंगलं, एक पाय ठेवला. मी तुकडा बस्करावर ठेवला. हातातून मुद्दाम दिला नाही, कारण हातातून दिलं की त्याचं नाक वर येतं, आणि नाकामागून पुढचे पाय. चारही पाय आले की दुसरा तुकडा. बसला की तिसरा. मग मी काहीच बोलले नाही, थांबले. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत राहिला, उसासा टाकला आणि आडवा झाला. कोपरं जमिनीला टेकली. मी तुकडा ठेवला. चौथ्या दिवशी मला हवं ते दिसलं. तो नुसता आडवा झाला नाही, त्याची कंबर एका बाजूला कलली. कोपरं टेकून दोन्ही मांड्या अंगाखाली घेतलेलं कुत्रं केव्हाही उडी घ्यायला तयार असतं. कंबर कलंडली की समजायचं, आता ते खरंच निवांत आहे. हनुवटी पंज्यावर आली तर आणखी छान. मी त्या कललेल्या कंबरेची वाट पाहायला शिकले आणि खाऊ तिच्यासाठीच द्यायला लागले.

बरेच लोक इथेच चुकतात. “जागेवर” म्हटलं, कुत्रा गेला, बसला, झालं. पण जागेवर बसून आतून उकळणारं कुत्रं आणि जागेवर निवलेलं कुत्रं यांत फार फरक आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्य कॅरन ओव्हरॉल यांनी निवांतपणाचाच पंधरा दिवसांचा पाठ आखून दिला आहे. कुत्रं बसलेलं असताना आपण एक पाऊल मागे जायचं, परत यायचं, खाऊ द्यायचा. टाळी वाजवायची, खाऊ द्यायचा. दाराबाहेर जायचं, बेल वाजवायची, न आलेल्या पाहुण्याशी बोलायचं, परत यायचं, खाऊ द्यायचा. मी “या, बसा, पाणी देऊ का?” असं रिकाम्या जिन्याशी बोलत होते तेव्हा समोरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि पुढे आमच्या पहिल्या सरावाच्या पाहुण्या त्याच झाल्या.

बेलचं काम वेगळं करावं लागतं. इवान पावलोव हे मुळात पचनावर काम करणारे शास्त्रज्ञ. १९०४ सालचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. अन्न येण्याआधी कुत्र्यांना मेट्रोनोमची टिकटिक ऐकवत गेलं की काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीने त्यांच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. आपल्या घरची बेल म्हणजे तेच मेट्रोनोम आहे. शेकडो वेळा बेलमागून माणूस आलेला असतो, त्यामुळे नुसत्या बेलने कुत्र्याच्या छातीची धडधड वाढते. ही गाठ सोडवायची तर नवी बांधावी लागते. मी बेलचा आवाज फोनवर टिपून घेतला आणि अगदी हळू लावला. आवाज झाला, मग बस्करावर तुकडा. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज, मग खाऊ. उलटं झालं तर काहीच साधत नाही. दहा दिवसांत आवाज वाढवत नेला. एका संध्याकाळी फोनवर बेल वाजली आणि टिप्या दाराकडे न जाता कोपऱ्याकडे गेला, बस्करावर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत. मला त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं.

मग खरी बेल. मुलगा बाहेर जायचा, बेल वाजवायचा, आत यायचा, पाच मिनिटांनी पुन्हा. ओळखीचं माणूस सातव्यांदा आत येतं तेव्हा कुत्र्यालाही त्यात नवल उरत नाही. त्यानंतर समोरच्या काकू, मग मुलाचे मित्र, आणि शेवटी टिप्याला अजिबात ओळखत नसलेली माणसं. प्रत्येक पायरीवर काही दिवस जातात आणि एखादी पायरी दोनदा चढावी लागते.

या काळात सेफ्टी डोअरचा फार उपयोग झाला. आतलं लाकडी दार उघडायचं, जाळीचं बंद ठेवायचं. पाहुणा बाहेर दोन मिनिटं उभा. टिप्याच्या पट्ट्याला दोरी, ती माझ्या हातात. तो जाळीतून पाहुण्याचा वास घेतो, चपलांचा, पिशवीचा. कुत्र्याचं जग नाकाने चालतं. वास पुरता घेऊन झाला की त्याची निम्मी खबरबात कळलेली असते आणि उसळणं आपोआप ओसरतं. पाय धुण्याची पायरी आम्ही अशी परत आणली. मग टिप्या बस्करावर, पाहुणा आत, थेट खुर्चीत. बसलेला माणूस कुत्र्याला उभ्या माणसापेक्षा साधा वाटतो.

“उडी मारू नकोस” हे कुत्र्याला शिकवता येत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. “चारही पाय जमिनीवर” हे मात्र शिकवता येतं. पाय जमिनीवर असले की पाहुणा त्याच्याकडे बघतो, हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवतो, डोक्यावरून हात फिरवत नाही. पुढचे पाय सुटले की पाहुणा गप्पपणे पाठ फिरवतो आणि मी दोरीने त्याला दोन पावलं मागे घेते. रागावणं नाही, “नो, नो” नाही. तीन-चार सेकंद भेट, मग मी हाक मारून खाऊ देते, मग पुन्हा भेट. भेटी लहान ठेवल्या तर त्याचा आनंद कढईबाहेर जात नाही.

खरं अवघड शिकवणं पाहुण्यांचं. एक म्हणतात, “राहू दे हो, मला आवडतात कुत्री,” आणि उडीला मिठी मारतात. दुसरे हात वर करून किंचाळतात, त्याने कुत्रं अधिकच वर झेपावतं. आपल्याकडे पाहुण्याला असं वाग, तसं वाग म्हणणं जड जातं. मी आता फोनवरच सांगते, “आल्यावर त्याच्याकडे बघू नका, पाच मिनिटं तो घरात नाहीच असं समजा.” प्रेमाने सांगितलं तर कोणाला राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. लहान मुलं आली तर मात्र दोरी सोडायचीच नाही. आणि लसीचं कार्ड हाताशी ठेवावं. नुसतं नख लागलं तरी समोरच्याला रेबीजची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे.

तिसऱ्या आठवड्यात सगळं बिघडल्यासारखं झालं. उडीला कोणीच दाद देत नाही हे लक्षात आल्यावर टिप्याने जास्त उंच उड्या सुरू केल्या, बाही तोंडात धरली, भुंकला. विझण्याआधी दिवा मोठा होतो तसंच हे असतं, आणि वर्तनशास्त्रात ही अवस्था चांगली ओळखीची आहे. जुना उपाय चालेना म्हणून जनावर तो अधिक जोर लावून करून पाहतं. बहुतेक घरं नेमकी याच आठवड्यात हात टेकतात. त्या वेळी एकदा जरी उडीला दाद मिळाली, तर कुत्रं शिकतं की आणखी जोर लावला की जमतं. आम्ही दहा दिवस पाहुण्यांना येऊ नका म्हणालो, घरच्या घरी सराव केला आणि ती लाट ओसरली.

आणि सणवार. गणपतीत आमच्याकडे दिवसाला तीस-चाळीस माणसं येतात. त्या दिवशी शिकवायचं नसतं. सकाळी त्याला लांब फिरवून आणायचं, मनसोक्त हुंगू द्यायचं, मग आतल्या खोलीत पंखा, पाणी, चघळायला काहीतरी, आणि दार बंद. याने कुत्र्यावर अन्याय होतो असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, चाळीस माणसांच्या गर्दीत त्याला उभं करणं हाच अन्याय. मोठं कुत्रं दिवसातले बारा-चौदा तास झोपतं. झोप मोडलेलं कुत्रं दमलेल्या लहान मुलासारखंच चिडखोर होतं. आणखी एक, पाहुण्यांच्या ताटल्या त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नयेत. बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा किंवा चिवड्यातल्या मनुका आपल्याला क्षुल्लक वाटतात, पण कुत्र्याची मूत्रपिंडं त्यांनी निकामी होऊ शकतात. चॉकलेट आणि कांदाही घातकच. कौतुकाने भरवणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवायचं.

भाऊबीजेला आत्या आली. मी जाळीचं दार लावून टिप्याला दोरीने धरलं होतं. ती बाहेर थांबली, पिशवी जाळीजवळ धरली. त्याने पिशवी हुंगली, तिच्या चपला हुंगल्या, मग ते मनगट, बराच वेळ. मी “जागेवर” म्हटलं. तो गेला. आत्या आत आली, भिंतीला हात टेकून सावकाश चपला काढल्या, खुर्चीत बसली. माझी नजर कोपऱ्याकडे होती. तो थरथरत होता, पण कोपरं टेकलेली होती. बाबांना ओवाळून झालं, फराळाच्या ताटल्या आल्या, बोलणी सुरू झाली. अर्ध्या तासाने मी पाहिलं तर त्याची कंबर एका बाजूला कलली होती.

आत्याचंही लक्ष तिकडेच असावं. तिने ताटली बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, “त्याचा तो डबा कुठाय गं? दे इकडे.”